दहा-पंधरा वर्षं साधं पीएचपी लिहिलेल्या टीमला लाराव्हेल कसं शिकवायचं?

मिरज_जंक्शन

नमस्कार मंडळी,

आम्ही पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो. टीम पाच जणांची. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या चाळीसेक पतसंस्था आमच्यावर चालतात. बचत, मुदत ठेव, आवर्त ठेव, पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती छोटी ठेव), कर्ज, एजंटचं कमिशन, सगळं साध्या पीएचपीत आहे. वर कनेक्शनची फाइल इन्क्लूड करायची, खाली क्वेरी, तिच्याखाली एचटीएमएल. कोड जुना आहे पण टाकाऊ नाही, हे आधीच सांगतो. दर 31 मार्चला याच कोडवर चाळीस संस्थांचे ताळेबंद जुळतात.

अडचण एप्रिलमध्ये आली. एका संस्थेनं पिग्मीचा व्याजदर बदलला. व्याजाचं गणित आमच्याकडे नऊ फाइलींत इफ-एल्सच्या शिड्यांमध्ये पसरलंय. सात फाइलींत दर बदलला, दोन राहून गेल्या. खातेउताऱ्यावर एक व्याज आणि पासबुकावर दुसरं. फरक अकरा रुपयांचा. पण ज्या बाईंचं खातं होतं त्या भाजी विकून रोज पन्नास रुपये एजंटकडे देतात. त्या पासबुक घेऊन शाखेत आल्या आणि मॅनेजरकडे त्यांना द्यायला उत्तर नव्हतं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

मालकांनी लाराव्हेलला (पीएचपीतल्या तयार चौकटीला, म्हणजे फ्रेमवर्कला) होकार दिला. अट एकच, चालू काम थांबता कामा नये. शिकवायची जबाबदारी माझी, कारण टीममध्ये लाराव्हेल मी एकट्यानंच वापरलंय.

एका शनिवार-रविवारी क्लास घेतला. आधी ऑब्जेक्ट ओरिएंटेड म्हणजे काय ते सांगितलं. प्राणी हा क्लास, कुत्रा आणि मांजर त्याची पोरं, दोघंही आपापला आवाज काढतात. मग इनहेरिटन्स, इंटरफेस, ट्रेट, आणि दुसऱ्या दिवशी थेट लाराव्हेल: राउट (कुठल्या पत्त्याला कुठला कोड), कंट्रोलर (तो कोड), एलोक्वंट (डेटाबेसची टेबलं हाताळायची सोय), ब्लेड, मिडलवेअर (कंट्रोलरच्या आधीच्या तपासण्या), सर्व्हिस प्रोव्हायडर. दोन तरुण मुलांनी माना डोलावल्या आणि सोमवारी पुन्हा जुन्याच पद्धतीनं लिहायला लागली. आमचे सगळ्यात सीनियर दादा (वय 47, हे सॉफ्टवेअर मुळात त्यांनीच उभं केलंय) शांतपणे दोन वाक्यं बोलले.

पहिलं: "हे कुत्रं-मांजर ठीक आहे, पण माझ्या पिग्मीच्या पावतीला त्याचा उपयोग काय?"

दुसरं: "यात माझ्या प्रोग्रामला हाक कोण मारतंय तेच दिसत नाही."

दादा अडून बसणारे नाहीत. त्यांना कळत नाही असंही नाही. मीच कुठेतरी चुकीच्या टोकाकडून सुरुवात केली असं वाटतंय. कुणी अशी टीम वळवली असेल तर नेमकं कसं केलं ते सांगा. व्हिडिओ कोर्सच्या लिंका नकोत, त्या आहेत माझ्याकडे.

---

गोदाकाठ

आम्ही नाशिकमध्ये द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं सॉफ्टवेअर तीन वर्षांपूर्वी हलवलं. शिकवण्याबद्दल बाकीचे सांगतीलच, मी फक्त हलवण्याबद्दल लिहिते.

सगळं एकदम नव्यानं लिहायला घेऊ नका. सॉफ्टवेअरवर लिहिणारे मार्टिन फाउलर यांनी एक पद्धत मांडली आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंडच्या जंगलात त्यांनी दुसऱ्या झाडाच्या माथ्यावर रुजून, मुळं खाली सोडत हळूहळू त्या झाडाला वेढून टाकणारे वड पाहिले आणि त्यावरून तिला 'स्ट्रँगलर' हे नाव दिलं. आपल्याकडे नांदरुक असाच वाढतो. जुनं ॲप चालू ठेवायचं, वेब सर्व्हरवर एकेक पत्ता नव्याकडे वळवायचा. आज पावती, पुढच्या महिन्यात उतारा.

यात आम्हाला छळलं ते लॉगिननं. साध्या पीएचपीचं सेशन (कोण लॉगिन आहे याची नोंद) लाराव्हेलला दिसत नाही. ते आपलं सेशन वेगळं ठेवतं आणि कुकी एन्क्रिप्ट करून पाठवतं. म्हणजे माणूस जुन्या पानावर लॉगिन झाला, नव्या पानावर गेला की पुन्हा लॉगिन. आम्ही सेशन डेटाबेसच्या एका टेबलात नेलं आणि जुन्या कोडकडून ते टेबल वाचून घेतलं. हे पहिल्याच आठवड्यात सोडवा. नाहीतर शाखेतली माणसं वैतागतील आणि दोष लाराव्हेलवर जाईल.

दुसरं, तुमच्या जुन्या टेबलांना हात लावू नका. एलोक्वंट धरून चालतं की टेबलाचं नाव इंग्रजी अनेकवचनी आहे, किल्ली 'आयडी' आहे आणि 'क्रिएटेड ॲट', 'अपडेटेड ॲट' हे दोन रकाने आहेत. तुमच्याकडे यातलं काहीच नसणार. मॉडेलमध्ये टेबलाचं नाव आणि किल्लीचं नाव लिहा, टाइमस्टॅम्प बंद करा. चार ओळींचं काम आहे. ते ठाऊक नसलं की पहिल्याच प्रयोगाला लाल पडदा येतो आणि दादांसारखा माणूस लॅपटॉप मिटून ठेवतो.

---

फॉक्सप्रो_ते_वेब

माझं वय 54. तुमचे दादा आज ज्या खुर्चीत बसलेत त्या खुर्चीत मी बसून आलोय, म्हणून जरा लांब लिहितो.

दादांचं दुसरं वाक्य परत वाचा. "माझ्या प्रोग्रामला हाक कोण मारतंय तेच दिसत नाही." लायब्ररीला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क आपल्याला हाक मारतं. फरक एवढाच, आणि तो दादांनी दोन दिवसांत बरोबर पकडला. क्लास आणि इनहेरिटन्स ही त्यानंतरची गोष्ट. तुम्ही त्यांना क्लास शिकवायला बसलात, पण त्यांचं घोडं क्लासवर अडलेलंच नव्हतं.

माझी गोष्ट सांगतो. मी सोसायट्यांचं काम डॉसवरच्या फॉक्सप्रोत करायचो. तिथं मालक मी. वर कधीच न संपणारा 'डू व्हाइल', त्यात मेनू, मेनूखाली 'डू केस'. 'से' आणि 'गेट' लिहून पडद्यावर रकाने मांडायचे, मग 'रीड' म्हणायचं आणि क्लार्क टाइप करेपर्यंत थांबायचं. प्रोग्राम या घडीला कुठल्या ओळीवर उभा आहे ते मी डोळे मिटून सांगायचो. 1995 साली व्हिज्युअल फॉक्सप्रो आलं, आमच्या ऑफिसात पोचायला आणखी दोन वर्षं गेली. आता फॉर्मवर बटण ठेवायचं आणि बटणाच्या 'क्लिक'मध्ये कोड लिहायचा. मुख्य प्रोग्रामच्या शेवटी 'रीड इव्हेंट्स' ही एक ओळ, आणि तिथून पुढं सगळा कारभार फॉक्सप्रोच्या हाती. माझा 'डू व्हाइल' गेला. घराची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यावी तसं वाटलं मला. कित्येक आठवडे मी 'क्लिक'च्या मेथडला स्वतःच हाका मारत होतो, कारण ती आपोआप चालेल यावर माझा विश्वास बसत नव्हता.

विश्वास कशानं बसला? एका सहकाऱ्यानं डीबगर उघडून दिला आणि म्हणाला, बटण दाबा आणि कोण कोणाला बोलावतंय ते नुसतं बघा. 'लोड', 'इनिट', 'ॲक्टिव्हेट', मग माझा 'क्लिक'. क्रम ठरलेला होता. कारभार दुसऱ्याच्या हाती होता, पण नियमानं चालत होता, आणि नियम कळल्यावर भीती गेली.

म्हणून दादांना आधी विचारा, व्हिज्युअल फॉक्सप्रो किंवा व्हिज्युअल बेसिक केलंय का? त्या वयाच्या माणसानं आपल्या भागात यातलं एक तरी केलेलं असतंच. 'धिसफॉर्म डॉट रिफ्रेश' लिहिलेल्या माणसाला ऑब्जेक्ट काय असतो हे कुत्र्या-मांजरावरून सांगायची गरज नाही. 'डूडिफॉल्ट' वापरलेल्या माणसाला वरच्या क्लासची मेथड म्हणजे काय ते माहीत आहे, पीएचपीत तीच गोष्ट 'पॅरेंट' लिहून होते. आणि यातलं काहीच केलेलं नसलं तरी एचटीएमएलमध्ये 'ऑनक्लिक' त्यांनी शेकडो वेळा लिहिलंय. त्या फंक्शनला ते स्वतः कधी हाक मारतात का? ब्राउझर मारतो. तिथून सुरू करा.

पुढं मी असं करेन.

पहिल्या दिवशी एकच रिक्वेस्ट. एक्सडीबग (पीएचपीचा डीबगर) लावा, कंट्रोलरमध्ये ब्रेकपॉइंट ठेवा, ब्राउझरमधून पिग्मीची एक पावती उघडा आणि कॉल स्टॅक (कोणी कोणाला बोलावलं ती यादी) खालून वर वाचा. तळाला पब्लिक फोल्डरमधली इंडेक्स फाइल दिसेल. ती साधी पीएचपी फाइल आहे, दादांच्या ओळखीची. तिच्यावर मिडलवेअरच्या पायऱ्या, मग राउटर, आणि टोकाला आपला कंट्रोलर. पायऱ्या डझनावारी निघतील. सगळ्या समजावू नका. दादांनी फक्त एवढं पाहावं की पुढची प्रत्येक पायरी मागच्या कोणत्यातरी ओळीनंच बोलावली आहे.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून आपलं स्वतःचं फ्रेमवर्क लिहा. चेष्टा नाही, चाळीस-पन्नास ओळींत होतं. एक ॲरे घ्या, डाव्या बाजूला पत्ता, उजव्या बाजूला क्लासचं आणि मेथडचं नाव. आलेला पत्ता ॲरेत शोधा. पीएचपीत क्लासचं नाव व्हेरिएबलमध्ये असलं तरी 'न्यू' करता येतं, तसं करा आणि मेथड चालवा. झाला तुमचा राउटर. मग दादाच विचारतील की कंट्रोलरच्या कन्स्ट्रक्टरला डेटाबेसचा ऑब्जेक्ट हवा असेल तर तो कोण देणार. तेव्हा रिफ्लेक्शन दाखवा. पीएचपी आपल्याला क्लासच्या कन्स्ट्रक्टरला कोणकोणत्या प्रकारचे पॅरामीटर लागतात ते वाचू देतं. ते वाचा, एकेक तयार करा, आत द्या. लाराव्हेलचा सर्व्हिस कंटेनर याच तत्त्वावर उभा आहे. ज्यानं हे एकदा हातानं लिहिलं त्याला 'डिपेंडन्सी इंजेक्शन' या शब्दाचं ओझं वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी फॉर्म रिक्वेस्ट. पावतीची रक्कम शून्याहून मोठी हवी, खातं चालू हवं, असे नियम 'रूल्स' नावाच्या मेथडमध्ये लिहायचे. ती मेथड आपण कुठेही बोलवत नाही. कंट्रोलरच्या मेथडमध्ये त्या क्लासचं नाव प्रकार म्हणून लिहिलं की कंट्रोलर चालण्याआधी नियम तपासले जातात, चुकलं तर माणूस एररसकट फॉर्मवर परत जातो. ज्यांनी प्रत्येक फाइलीच्या डोक्यावर तीस ओळी तपासणीच्या लिहिल्यात त्यांना याची किंमत लगेच कळते.

फसाड, क्यू, इव्हेंट, रिपॉझिटरी पॅटर्न यांतलं काहीही पहिल्या महिन्यात काढू नका. कळकळीनं सांगतो. आमच्या टीममध्ये एका हुशार मुलानं पहिल्याच आठवड्यात प्रत्येक टेबलासाठी चार-चार क्लास काढायला लावले होते आणि दोन चांगली माणसं त्या ढिगाखाली गप्प झाली.

अजून एक. दादांनी पीएचपी 4 च्या काळात सुरुवात केली असेल तर क्लासवर त्यांचा राग असण्याला खरं कारण असू शकतं. पीएचपी 4 मध्ये ऑब्जेक्ट दुसऱ्या व्हेरिएबलला दिला किंवा फंक्शनमध्ये पाठवला की त्याची नक्कल व्हायची. आत बदल करायचा आणि बाहेर काहीच बदललेलं नसायचं. 2004 मध्ये पीएचपी 5 आलं तेव्हा हे सुधारलं, पण स्वस्तातली होस्टिंग पुढं कित्येक वर्षं 4 वरच होती. त्या काळात ज्यानं क्लास वापरून हात पोळून घेतले तो फंक्शनकडे परत गेला, आणि त्यानं शहाणपणाच केला. त्यांना विचारा, ऐकून घ्या.

---

मिरज_जंक्शन

काका, तुमचं उत्तर दादांना वाचून दाखवलं. नक्कल होण्याची गोष्ट ऐकून ते ताडकन म्हणाले, "2005. सभासद यादी. तीन दिवस गेले होते." त्यांनी त्यानंतर क्लास कायमचा सोडला होता. इतक्या वर्षांत मला हे माहीत नव्हतं.

व्हिज्युअल फॉक्सप्रो पण केलेलं निघालं, गूळ बाजारातल्या अडत्यांच्या हिशेबासाठी. छोटं फ्रेमवर्क आम्ही दोन संध्याकाळींत लिहिलं. बावन्न ओळी.

आता नवा पेच. 'ठेव' हे मॉडेल केलं, आणि 'पिग्मी', 'आवर्त', 'मुदत' हे त्याचे पोटक्लास. प्रत्येकाची व्याज काढायची मेथड वेगळी. दिसायला छान. पण डेटाबेसमधून 'ठेव' मागवली की सगळ्या 'ठेव'च येतात, त्यातली एकही पिग्मी नसते. मेथड वरच्या क्लासची चालते आणि व्याज शून्य.

---

फॉक्सप्रो_ते_वेब

बरोबर आहे, एलोक्वंट तसंच वागतं. एका टेबलातल्या रो वेगवेगळ्या पोटक्लासांत वाटून देण्याची सोय त्यात मुळात नाही. पॅकेजं मिळतात, पण सुरुवातीला नको.

मॉडेलला मॉडेल राहू द्या. ठेव म्हणजे टेबलातली एक रो. व्याज कसं काढायचं हा त्या संस्थेचा नियम आहे, ठेवीच्या जातकुळीचा भाग नव्हे. नियम वेगळा काढा. 'व्याजनियम' नावाचा इंटरफेस, त्यात एकच मेथड: ठेव आणि तारीख घ्या, व्याज द्या. मग पिग्मीचा नियम, आवर्तचा, मुदतीचा, असे छोटे क्लास. इथं डेटाबेस नाही, एचटीएमएल नाही, नुसतं गणित. दादांना त्यांचं सगळं जुनं ज्ञान इथं ओतता येईल.

कुठल्या ठेवीला कुठला नियम हे एकाच जागी ठरू द्या. ठेवीचा प्रकार एनम करा (म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, पीएचपी 8.1 पासून आहेत), आणि नियम निवडायला 'मॅच' वापरा. 'मॅच'चा एक गुण मला फार मोलाचा वाटतो. उद्या कुणी नवीन ठेव योजना काढली आणि नियम लिहायला विसरला, तर 'मॅच' एरर देऊन जागेवर थांबतं. तुमची इफ-शिडी अशा वेळी काही न बोलता खाली उतरते आणि शून्य व्याज छापते. त्या भाजीवाल्या बाईंच्या बाबतीत झालं तेही अशाच मुकेपणामुळं.

क्लासची नावं मराठीच ठेवा, रोमन लिपीत का होईना. 'पिग्मी'ला इंग्रजी प्रतिशब्द शोधत बसलात तर दादा आणि शाखेतला क्लार्क एकीकडे आणि कोड दुसरीकडे जाईल.

आणि लिहून झाल्यावर गेल्या 31 मार्चचा व्याजतक्ता काढा. तेच आकडे टेस्टमध्ये घाला. नव्या क्लासनं जुन्या तक्त्याशी पैशापर्यंत जुळलं पाहिजे.

---

रात्रपाळी

मधेच एक सावधगिरीची गोष्ट. खातेउताऱ्यांची यादी लाराव्हेलमध्ये नेलीत की ती सर्व्हरवर हळू वाटेल. खातेदार 1200 असतील आणि लूपमध्ये प्रत्येकाचं 'खातं' मागवलं तर यादीची एक आणि खात्यांच्या 1200 अशा 1201 क्वेरी जातात. जुन्या कोडमध्ये दादांनी तिथं एकच जॉइन लिहिलेला असणार. मग ते म्हणतील की आमचंच बरं होतं, आणि त्या ठिकाणी त्यांचं खरं असेल. 'विथ' लावून नातं आधीच मागवा. शिवाय डेव्हलपमेंटच्या मशीनवर लेझी लोडिंग (नातं लागेल तेव्हा एकेक मागवणं) बंद करून ठेवा, ती सोय लाराव्हेलमध्येच आहे. मग अशी चूक झाली की तिथल्या तिथे एरर येते. आम्हाला हे ग्राहकाच्या ऑफिसात कळलं, तुम्हाला तुमच्या टेबलावर कळू दे.

---

मिरज_जंक्शन

तीन आठवड्यांनी परत लिहितोय.

लॉगिनचं गोदाकाठ ताईंनी सांगितलं तसं केलं. पिग्मीची पावती आणि पिग्मीचा उतारा एका संस्थेत लाराव्हेलवर चालू आहेत, बाकी सगळं जुन्यावर. दर आता एका जागी आहे. दोन्ही तरुण मुलं दादांच्या शेजारी बसून 'व्याजनियम' लिहितायत, म्हणजे पीएचपी 8 मुलं सांगतात आणि व्याज दादा सांगतात. मी फक्त चहा सांगतो आणि रिव्ह्यू करतो.

31 मार्चचा तक्ता टेस्टमध्ये घातला. 860 खात्यांपैकी 857 पैशापर्यंत जुळली. तीन खाती एक-दोन पैशांनी हटली. आधी आम्हाला एलोक्वंटचा संशय आला, कारण डेसिमल कास्ट लावलेली रक्कम तिथं स्ट्रिंग म्हणून येते आणि कुणीतरी मध्येच तिचा फ्लोट केला असेल असं वाटलं. तसं नव्हतं. दोन दिवस शोधल्यावर दादांनाच सापडलं. जुना कोड दर महिन्याला व्याज पैशापर्यंत राउंड करून पुढं नेत होता, आमचा नवा क्लास शेवटी एकदाच राउंड करत होता. दोन्ही गणितं आपापल्या जागी बरोबर.

कुठलं ठेवायचं हे आम्ही ठरवायचं नाही असं दादा म्हणाले. त्यांनी मॅनेजर साहेबांना फोन लावला, साहेबांनी संस्थेचा ठेव नियमावलीचा कागद काढून वाचून दाखवला. त्यात दरमहा लिहिलंय. मग दादांनी स्वतः क्लास उघडला, राउंड करायची ओळ लूपच्या आत नेली, टेस्ट चालवल्या. 860.